बेलवरचं आडनाव

बर्लिनच्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि शहर, की संपला पत्ता. मग इमारतीत पंचवीस-तीस बिऱ्हाडं का असेनात. जुन्या इमारतींचा पसारा तर मोठा असतो. रस्त्यालगतची पुढची इमारत, तिच्यामागे आवार, आवाराच्या कडेला आणखी एक बाजू, पलीकडे मागची इमारत. १८५३ च्या बांधकाम नियमात असं आवार किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढंच रुंद असावं असं लिहिलेलं होतं, कारण आगीचा बंब आत आणून वळवता यायला हवा. त्या मापाच्या आवारांभोवती आजही माणसं समोरासमोरच्या खिडक्यांत राहतात, आणि एवढ्या सगळ्यांतून पोस्टमन माणूस हुडकतो तो आडनावावरून.

मुख्य दारापाशी बेलच्या बटणांची पट्टी असते. प्रत्येक बटणाशेजारी एक आडनाव. आत शिरलं की पत्रपेट्यांची रांग, त्यांच्यावर पुन्हा तीच आडनावं. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. आणि इथे सगळं पत्रानं येतं. बँकेच्या कार्डाचा पिन, आरोग्यविम्याचं कार्ड, करखात्याचा अकरा आकडी क्रमांक, घराघरातून रेडिओ-टीव्हीसाठी घेतल्या जाणाऱ्या दरमहा १८.३६ युरोंची मागणी. तेव्हा पेटीवर नाव लागेपर्यंत माणूस शहरात पोचलेला असतो, पण शहराला तो सापडत नाही.

नव्या देशात पहिल्यांदा काय जाणवलं, असं पुण्याहून प्रत्येकजण विचारतो. थंडी, स्वच्छता, शिस्त, यांपैकी एखादं उत्तर त्यांना अपेक्षित असतं. माझं उत्तर जरा लांबलचक आहे, कारण मला आधी दिसली ती ही नावं. घर मिळेपर्यंत आम्ही तात्पुरत्या खोलीत राहत होतो. संध्याकाळी पायी फिरताना मी अनोळखी दारांशी थांबून बेलच्या पट्ट्या वाचत असे. श्मिट, यिल्माझ, नोवाक, न्गुयेन, होफमान, परत यिल्माझ. १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानाशी करार करून कामगार बोलावले होते, पूर्व जर्मनीनं व्हिएतनाममधून माणसं आणली होती, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. इथे ते एका दाराच्या पट्टीवर ओळीनं मांडलेलं होतं. त्या काळी आलेल्या माणसांची नातवंडं आता त्या बेल वाजवत असतील.

पण त्या पट्टीवर आपलं आडनाव चढवणं सोपं नव्हतं. बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळवण्याबद्दल जे काही ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं. आम्ही अर्जांमागून अर्ज केले आणि बहुतेकांना उत्तरसुद्धा आलं नाही. २०१७ मध्ये बायरिशर रुंडफुंक ही प्रसारण संस्था आणि श्पीगल हे साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी मोठ्या शहरांमध्ये काल्पनिक नावांनी सुमारे २०,००० घरचौकशा पाठवून पाहिल्या होत्या. मजकूर सारखाच, फक्त नावं वेगळी. जिथे जर्मन नावाला घर बघायला बोलावणं आलं, तिथे दर चारांतल्या एका वेळी अरबी किंवा तुर्की नावाच्या अर्जदाराला डावललं गेलं. असा भेदभाव करायला २००६ पासून कायद्यानं बंदी आहे. पण न आलेल्या उत्तराविरुद्ध तक्रार कशी करणार? ऑफिसातल्या एका भल्या सहकाऱ्यानं सुचवलं, तुमच्याऐवजी माझ्या आडनावानं अर्ज पाठवून बघू. त्याला मनापासून मदत करायची होती. मी नको म्हटलं. घर मिळून त्यात रोज पाऊल टाकताना ते उसनं नाव मला आठवत राहिलं असतं.

शेवटी घर दिलं ते एका वयस्क बाईंनी. घर दाखवण्याआधी त्यांनी माझं आडनाव तीन वेळा म्हणून घेतलं. ‘बरोबर म्हणते ना मी?’ असं विचारलं, आणि मग खिडक्या, स्वयंपाकघर, तळघरातली कोठडी सगळं दाखवलं. माझ्या आडनावात कोकणातलं एक गाव आहे. आमचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी ते गाव सोडून घाटावर आले. मी स्वतः तिथे दोनदाच गेलेय, तेही देवीच्या दर्शनापुरती. त्या गावाचं नाव एक जर्मन आजी काळजीपूर्वक, एकेक अक्षर सांभाळून म्हणत होत्या आणि मला भरून येत होतं.

करार माझ्या नावानं झाला, कारण नोकरी माझी होती. नवरा माझ्या नोकरीपायी इथे आलेला. इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसानं, ज्याला इथे हाउसमाइस्टर म्हणतात, मेल करून विचारलं की बेलवर काय लिहू. लग्नानंतर मी माझं आडनाव बदललेलं नाही. म्हणून दोन आडनावं, मधे एक तिरकी रेघ, आणि करार माझा म्हणून माझं आधी. पुण्यात आमच्या दारावर सागवानी पाटी आहे, तिच्यावर सासऱ्यांचं पूर्ण नाव आणि खाली त्यांची पदवी. माहेरी वडिलांच्या नावाची पाटी होती. दोन्ही घरांत मी लाडात राहिले, पाटीबद्दल कधी मनात काही आलं नाही. पासपोर्टवर, बँकेत, पगाराच्या कागदावर माझं नाव होतंच की. पण दारावर ते कधीच नव्हतं, आणि हे लक्षात यायला मला इतक्या लांब यावं लागलं. पट्टी बसवून झाली त्या संध्याकाळी मी खाली जाऊन ती नुसती बघून आले. नवऱ्यानं फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचा उलट मेसेज आला, ‘छान दिसतंय गं तुझं नाव.’

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा, असा कायदा आहे. त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा शब्द इतका रुळलाय की नव्यानं आलेल्याला कोणीही पहिला प्रश्न विचारतं, ‘आनमेल्डुंग झालं का?’ घरमालकानं सही केलेला कागद लागतो, त्याशिवाय काम होत नाही. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, प्रत्यक्ष काम मात्र चटकन होतं. त्या फॉर्मवर एक रकाना धर्माचा असतो. मी तिथे थबकले. रकान्याचं कारण साधं आहे. इथे चर्चचा कर सरकार गोळा करून देतं, बर्लिनमध्ये तो आयकराच्या ९ टक्के असतो, आणि जो त्या चर्चचा सभासद आहे त्याच्याकडूनच घ्यायचा असतो. समोरच्या बाईंनी मला हे शांतपणे समजावलं, रकान्यात काहीतरी टिचकी मारली आणि शिक्क्याचा दाखला हातात दिला. पण धर्म विचारून पत्त्यापुढे लिहून ठेवणारी कचेरी, आणि तीही बर्लिनमध्ये, हे माझ्या मनातून गेलं नाही.

बाकीच्या पहिल्या गोष्टी भराभर सांगून टाकते. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. याची कल्पना होती, तरी शरीराला ती नव्हती. पहिल्या हिवाळ्यात दुपारच्या चहाच्या वेळी अंधार पाहून छातीत उगाच धस्स व्हायचं. मेट्रोला इथे फाटकं नसतात. तिकीट काढून यंत्रात छाप मारायची आणि सरळ गाडीत बसायचं. साध्या कपड्यांतले तपासनीस कधीतरी येतात, तिकीट नसेल तर ६० युरो दंड. रविवारी दुकानं बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस राहील, हे जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमात लिहिलं होतं. १९४९ च्या राज्यघटनेनं ते कलम जसंच्या तसं सामावून घेतलं. बर्लिननं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले होते, तेव्हा २००९ मध्ये घटना न्यायालयानं ते चालणार नाही म्हणून सांगितलं. पहिले काही रविवार मला रिकामे, उदास वाटले. आता मी त्या दिवसाची वाट बघते, आणि भारतातल्या दुकानांत सातही दिवस उभ्या राहणाऱ्या मुलींचा विचार मनात येतो.

दवाखान्यातली एक रीत मात्र मला फार आवडली. बाहेरून येणारा प्रत्येकजण बसलेल्या सगळ्यांना उद्देशून नमस्कारासारखं काहीतरी म्हणतो, सगळे उत्तर देतात, आणि मग पुन्हा शांतता. जाताना परत सगळ्यांचा निरोप घ्यायचा. कोणी कोणाला ओळखत नाही. कोणी ‘काय होतंय तुम्हाला’ असं विचारत नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या बाकावर बसल्या बसल्या शेजारणीचं अख्खं दुखणं आणि तिच्या सुनेचा स्वभाव कळतो. ती ऊब मला अजून हवीहवीशी वाटते. पण आजारी माणसाला एकटं सोडायचं आणि तरी त्याला दिसलं-न दिसलंसं करायचं नाही, यातली माया ओळखायला मला वेळ लागला.

शेजाऱ्यांची ओळखही अशीच, नावातून झाली. आपण घरी नसलो तर पार्सलवाला ते शेजाऱ्याकडे देतो आणि आपल्या पेटीत चिठ्ठी टाकतो. चिठ्ठीवर शेजाऱ्याचं आडनाव. मग संध्याकाळी बेलच्या पट्टीवर ते आडनाव शोधायचं, कोणता मजला ते ताडायचं, दार वाजवायचं, ओळखपत्र दाखवायचं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका दिवसभर घरी असतात, म्हणून अर्ध्या इमारतीची पार्सलं त्यांच्या पॅसेजमध्ये असतात. त्यांच्याकडे मी पार्सल आणायला गेले ती खोकं बाजूला ठेवून बसले. त्यांनी मला इमारतीतलं सगळं सांगितलं. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या डब्यांत टाकायच्या, आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण फुटण्याचा आवाज होतो. २५ सेंट अनामत असलेली बाटली रस्त्यावर रिकामी झाली तर कचऱ्याच्या डब्यात न फेकता डब्याशेजारी ठेवायची, म्हणजे त्या गोळा करून पोट भरणाऱ्याला आत हात घालावा लागत नाही. आणि मग त्यांनीच, अगदी सहज, विचारलं, ‘आपल्या दारापुढचे दगड पाहिलेत का?’

पाहिले होते. फुटपाथच्या फरशांत बसवलेले, दहा सेंटिमीटर लांबरुंद, वर पितळी पत्रा. श्टॉल्परश्टाइन, म्हणजे ‘ठेचेचे दगड’, नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीचे. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकारानं १९९२ मध्ये कोलोनमध्ये पहिला दगड बसवला. बर्लिनमध्ये १९९६ साली क्रॉइत्सबर्गच्या ओरानियनश्ट्रासवर, तेही परवानगी न घेता. आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत आणि एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांच्या वर. बहुतेकांवर सुरुवातीला एकच वाक्य असतं, ‘येथे राहत होते’ किंवा ‘येथे राहत होती’. मग नाव, जन्मसाल, कुठल्या तारखेला नेलं, कुठे नेलं, कुठे मारलं. लग्न झालेल्या बाईच्या नावाखाली बहुतेक वेळा तिचं माहेरचं आडनावही असतं. नाझींनी हाकलून नेण्याआधी माणूस आपल्या मर्जीनं शेवटचा जिथे राहिला त्या दारापुढे तो दगड बसवतात.

शेजारीण बाई वर्षातून एकदा, ९ नोव्हेंबरला, जुनं फडकं आणि पितळ घासायचं मलम घेऊन खाली उतरतात. १९३८ सालच्या त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली. त्या दिवशी अनेक रस्त्यांवर लोक गुडघे टेकून दगड घासताना दिसतात. मी त्यांच्याबरोबर गेले. घासता घासता नावं वाचून होतात, आणि मोठ्यानं वाचली जातात.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. मी वाचायला लागले, आणि जे वाचलं ते दाराशीच येऊन थांबायचं. ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला की ज्यू बायकांनी आपल्या नावात ‘सारा’ आणि पुरुषांनी ‘इस्राएल’ जोडायचं, १ जानेवारी १९३९ पासून. मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक घराला एक जास्तीचं कार्ड होतं, त्यात चारही आजी-आजोबांचा वंश लिहायचा. १९४२ च्या वसंतात ज्यू घरांच्या दारावर, नावाच्या पाटीशेजारी, चांदणीचा कागद चिकटवायची सक्ती झाली. ऑक्टोबर १९४१ पासून ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या १७ नंबरच्या फलाटावरून गाड्या सुटत होत्या. तो फलाट आजही तसाच ठेवलाय, कडेनं लोखंडी पट्ट्यांवर प्रत्येक गाडीची तारीख, माणसांचा आकडा आणि ठिकाण कोरलेलं आहे. बर्लिनमधून पन्नास हजारांहून जास्त ज्यू माणसांना असं नेलं. त्यांना शोधायला कोणाला फिरावं लागलं नाही. पत्ते होते, नावं दारांवर होती.

आपली माहिती कोणी विचारली की इथला माणूस का बिचकतो, ते मला तेव्हा उमगलं. १९८० च्या दशकातल्या जनगणनेला इतका विरोध झाला की १५ डिसेंबर १९८३ रोजी घटना न्यायालयानं सांगितलं, आपल्याबद्दलची माहिती कोणाला द्यायची हे ठरवणं हा माणसाचा हक्क आहे. २०१० मध्ये गूगल रस्त्यांचे फोटो नकाशावर टाकणार होतं तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कुटुंबांनी आपलं घर धूसर करायला लावलं. आणि तरी बेलवर आडनाव आहेच. २०१८ मध्ये व्हिएन्नात डेटा-संरक्षणाच्या नव्या नियमांमुळे महापालिकेच्या घरांवरची नावं काढून नंबर लावायचं ठरलं. ती चर्चा जर्मनीतही पोचली, इथल्या डेटा-संरक्षण आयुक्तांनी नावं काढायची गरज नाही असं स्पष्ट केलं, आणि आमच्या इमारतीत तर कोणी तो विषयही काढत नाही. मला वाटतं, नाव काढलं की शेजार संपला हे त्यांना ठाऊक आहे. ज्या देशात दारावरच्या नावाचं असं काही झालं, तिथल्या लोकांनी पुन्हा दारावर नाव लावायचं ठरवलं, याला मी धैर्य म्हणते. धर्माच्या त्या रकान्याबद्दल मात्र माझं मन अजून साशंक आहे. तो नसता तर बरं झालं असतं.

याच वाचनात इरावती कर्वे भेटल्या. त्यांची पुस्तकं आईच्या कपाटात मी लहानपणापासून पाहत आले, पण त्या माझ्या या नव्या शहरात राहून गेल्या होत्या हे डोक्यात नव्हतं. म्यानमारमधल्या मिंजानला १९०५ मध्ये जन्मलेली ही मुलगी पुण्यात शिकली, कर्व्यांच्या घरात सून म्हणून गेली आणि १९२८ च्या नोव्हेंबरात बर्लिनला निघाली. नवरा, दिनकर कर्वे, तिच्या पाठीशी होता. सासऱ्यांचा विरोध होता. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, बायकांचं विद्यापीठ उभं केलं, त्यांना सुनेनं परदेशी शिकायला जाणं पटलं नाही, आणि ती गेली. सासूबाईंचा तो पाच शब्दांचा मेसेज मी हे वाचल्यावर पुन्हा उघडून पाहिला.

बर्लिनच्या नैऋत्येला डालेम भागात तेव्हा नुकतीच, १९२७ मध्ये, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली होती. प्रमुख ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ आहे आणि त्याचा पुरावा त्याच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकात सापडेल, असा त्याचा तर्क होता. ते सिद्ध करायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की अशा फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या देशातली, परक्या भाषेत प्रबंध लिहिणारी बाई, आणि ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याचंच म्हणणं खोडून काढणारं उत्तर. डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या आणि १९३९ पासून पुढे आयुष्यभर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत राहिल्या. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाला. त्याची संस्था नाझींच्या वंशधोरणाची पाठराखीण बनली आणि युद्धाच्या काळात ऑशविट्झ छळछावणीतला डॉक्टर जोसेफ मेंगेले यानं तिथून माणसांच्या शरीराचे अवयव त्याच संस्थेत पाठवले.

ती इमारत उभी आहे. ईनेश्ट्रास २२. मेट्रोच्या यू३ मार्गावर, फ्राये विद्यापीठाच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता तिथे राज्यशास्त्राचा विभाग आहे आणि इथे काय घडलं ते सांगणारी पाटी १९८८ पासून भिंतीवर लावलेली आहे. मी गेले तेव्हा मधली सुट्टी असावी. पायऱ्यांवर मुलं डबे उघडून बसली होती, कोणत्या तरी परीक्षेवरून जोरजोरात वाद चालला होता. मी पाटी वाचली, मग आत जाऊन जिन्यावरून एक चक्कर मारली. कोणी अडवलं नाही.

आई मेमध्ये येतेय. तिचा हा पहिलाच परदेश. व्हिसाच्या कागदांसाठी मी तिला आमचा पत्ता लिहून दिला, तर तिनं फोनवर हटकलं, ‘अगं, फ्लॅट नंबर लिहायला विसरलीस.’ तिला सगळं समजावून सांगितलं, बेलचं, पेट्यांचं, दगडांचं, आणि ओघात डालेमचंही. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंत, संग्रहालयांचं बेट, अशी तिची यादी तयार होती. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘इरावतीबाई तिथे बसून काम करायच्या? मग आधी तिकडेच जाऊ. गेट काय, संध्याकाळी बघू.’